पी. टी.चा तास

नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या आठवडाभर आधी मुख्याध्यापकाच्या टेबलावर एक मोठा कागद पसरला जातो. त्यावर रकाने आखलेले असतात. एकीकडे वार, दुसरीकडे तास. मग एकेक शिक्षक येऊन आपापली मागणी नोंदवतो. गणिताच्या सरांना सकाळचे तास हवे असतात, कारण दुपारी मुले पेंगतात. विज्ञानाच्या बाईंना प्रयोगांसाठी जोडतास हवा असतो. इंग्रजीवाल्यांना आठवड्याला एक तास वाढवून हवा असतो. सर्वांत शेवटी पी. टी.चे मास्तर दाराशी येतात आणि म्हणतात, "उरतील ते द्या, सर."

हे वाक्य मी सहशिक्षक असताना ऐकले आणि मुख्याध्यापक झाल्यावरही ऐकत आलो. इतिहास हा माझा विषय, एम. ए. झालो तोही इतिहासातच. पण जो तास आपल्या शाळांत नेहमी 'उरतो', तो मुळात आला कोठून, कोणी आणला आणि कशासाठी आणला, हे मी वर्गात कधी शिकवले नाही. तो पाठ कोणत्याच पाठ्यपुस्तकात नाही. दिवाळीच्या निमित्ताने तो येथे घ्यावा असे मनात आले. या अंकाचे बरेच वाचक आमच्यासारख्याच दुभाषी मुलखातल्या शाळांत शिकलेले असणार. वाचता वाचता त्यांना आपल्या शाळेचे मैदान आठवले, तर निम्मे काम झाले असे मी समजेन.

माझे घर मोपाला. पेडणे तालुक्यातला हा गाव आता विमानतळामुळे देशभर माहीत झाला आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने ये-जा करू लागली. आम्ही लहान असताना त्या जागेला नुसते 'सडा' म्हणत असू. जांभ्या दगडाचे विस्तीर्ण पठार. पावसाळ्यात गवत आणि रानफुले, उन्हाळ्यात तापलेली तांबडी माती आणि कडेकडेने काजूची झाडे. गुरे राखायला गेलेली पोरे तेथे आट्यापाट्या, लंगडी, विटीदांडू आणि हुतूतू खेळत. मैदान आखायला चुन्याची फक्की कोण देणार? काजूच्या फांदीने मातीत रेघ ओढली की पाटी तयार. पायांत काही नसे. जांभ्यावर अनवाणी धावलेला पाय पुढे कोठेही कच खात नाही, असे वडीलधारे म्हणत. शाळेत पी. टी.चा तास येण्याच्या कितीतरी आधीपासून पेडण्याच्या पोरांची पी. टी. अशी सड्यावर चालली होती. शाळेत ती येण्याला मात्र बराच काळ जावा लागला, आणि त्याला कारण आमचा इतिहास.

पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेला. त्यापूर्वी येथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादी. डिचोली, सत्तरी, पेडणे या नव्या. दोहोंमध्ये सुमारे अडीचशे वर्षांचे अंतर आहे आणि ते अंतर शाळांच्या बाबतीतही दिसत राहिले. राजधानी पणजीत १८५४ साली लिसेंव सुरू झाले. इकडे नव्या काबिजादीत मराठी शाळा म्हणजे देवळाची ओसरी किंवा एखाद्या भाटकाराच्या घराची पडवी, आणि शिकवायला बहुधा वाडीकडून आलेले एखादे पंतोजी. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंवरची जुनी बंधने सैल झाली आणि गोव्यात ठिकठिकाणी मराठी शाळा व वाचनालये निघू लागली. लोकांनी पदरमोड करून ती चालवली. या शाळांनी अक्षर दिले, पाढे दिले, रामदास-तुकाराम दिले. मैदान देण्याची त्यांची ऐपत नव्हती. खेळ ही शाळा सुटल्यावरची गोष्ट राहिली.

शापोरा नदीच्या पलीकडे मात्र निराळे घडत होते. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे धर्मगुरू शिवोलीत आले. त्यांनी तेथे शाळा चालवली आणि शाळेतल्या मुलांच्या पायांशी फुटबॉल आणून ठेवला. पुढे १८८७ साली हडफडे येथे त्यांनी सेंट जोसेफ हायस्कूलची स्थापना केली. गोव्याच्या फुटबॉलविषयी लिहिणारे बहुधा मोठमोठ्या क्लबांविषयी लिहितात. २०१२ साली तर फुटबॉल हा गोव्याचा राज्यखेळ म्हणून जाहीर झाला. पण त्या खेळाची येथली पहिली शिटी वाजली ती एका शाळेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. शिवोली आणि आमचे चोपडे यांच्यामध्ये फक्त नदीचे पात्र; होडीने काही मिनिटांचा पल्ला. तरीही अलीकडच्या काठावर आम्ही कितीतरी काळ हुतूतूच खेळत राहिलो. ज्या शाळेतून चेंडू आला तशी शाळा अलीकडे नव्हती, एवढेच त्याचे कारण. खेळ माणसांच्या रक्तात असतो असे आपण सहज बोलून जातो. मला वाटते तो शाळेच्या वेळापत्रकात असावा लागतो.

आता उत्तरेकडे वळू. तेरेखोल नदी आणि वाडी संस्थान ओलांडून ब्रिटिश मुलखात गेले की, विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे व्यायामाची एक चळवळच उभी राहिलेली दिसते. १९०६ साली पुण्यात डेक्कन जिमखाना निघाला. १९१४ साली अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले. १९२४ साली पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढले. त्याच साली लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांचे कैवल्यधाम उभे राहिले. परक्या सत्तेखाली वाकलेल्या समाजाने आपला कणा ताठ करण्यासाठी काढलेल्या या संस्था होत्या. त्यांनी दंड-बैठका, मल्लखांब, लाठी, लेझीम यांच्या जोडीला देशी खेळांना नियम दिले. गावोगाव वेगवेगळ्या तऱ्हेने खेळला जाणारा खो-खो आणि हुतूतू आखीव मैदानावर, पंचांच्या शिटीवर खेळला जाऊ लागला तो या काळात. नियम आले म्हणून एका गावची शाळा दुसऱ्या गावच्या शाळेशी खेळू शकली.

सीमाभागातल्या वाचकांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट याच काळातली आहे. डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकरी घरची पोरे अनवाणी धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिली. या पोरांना ऑलिंपिकला पाठवावे हे त्यांच्या मनाने घेतले, आणि १९२० साली अँटवर्पला हिंदुस्थानचा छोटासा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. ना बूट, ना शास्त्रीय प्रशिक्षण, अशा अवस्थेत वाढलेला बेळगावकडचा एक तरुण जगात एकोणिसावा येतो, हे आजही आपल्या शाळांच्या भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या मंडळाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. त्यांत आपला हुतूतूही होता. दोनच वर्षांनी, १९३८ साली, मुंबई सरकारने कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था उघडली. माझ्या दृष्टीने ही तारीख फार महत्त्वाची आहे. तोपर्यंत शाळेत कवायत घेणारा माणूस बहुधा पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार असे. 'डावा-उजवा'च्या पलीकडे त्याच्याकडे द्यायला फारसे काही नसे. कांदिवलीहून शिकून येऊ लागले ते शिक्षक होते. मुलाचे वय, त्याची वाढ, त्याचा श्वास, त्याची दुखापत यांचा विचार करणारे. 'ड्रिल मास्तर' जाऊन 'पी. टी.चे सर' आले ते येथून.

शाळा आणि खेळाडू यांचे नाते सांगायला खाशाबा जाधवांइतके चांगले उदाहरण नाही. गोळेश्वरचा हा मुलगा कराडच्या टिळक हायस्कुलात शिकला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडू लागले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पदकावर नाव खाशाबांचे आहे, आणि ते योग्यच आहे. पण मी ज्या खुर्चीवर बसतो तशाच एका खुर्चीवर बसलेल्या माणसाने त्यासाठी आपले छप्पर गहाण टाकले होते. हे आठवले की एखाद्या तासासाठी काचकूच करणाऱ्या मला माझीच लाज वाटते.

आणखी एक नाव आमच्या अगदी शेजारचे. सावंतवाडीजवळच्या तिरोडे गावचे जगन्नाथराव भोसले. आझाद हिंद सेनेतले हे सेनानी स्वातंत्र्यानंतर केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीत घरदार गमावलेली हजारो मुले दिल्लीच्या निर्वासित वसाहतींत होती. या मुलांसाठी भोसले यांनी १९५४ साली दिल्लीच्या कस्तुरबा निकेतनमध्ये 'राष्ट्रीय शिस्त योजना' सुरू केली: कवायत, खेळ, सामुदायिक गीते आणि देशाच्या गोष्टी. पुढे ही योजना देशभरच्या शाळांत पसरली आणि १९६५ साली दुसऱ्या योजनांसह 'नॅशनल फिटनेस कोअर'मध्ये विलीन झाली. जिच्याजवळ काही उरले नाही अशा मुलाला आधी रांगेत उभे करा, त्याच्या खांद्याला खांदा लागू द्या, मग पुस्तक द्या, हा त्यामागचा विचार. तेरेखोलच्या पलीकडच्या एका खेड्यातला माणूस हा विचार दिल्लीत रुजवत होता, तेव्हा अलीकडे पेडण्यात पोर्तुगीज अंमल होता. १५ ऑगस्ट १९५५ रोजी आमच्याच पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यात पंजाबहून आलेले कर्नैलसिंग धारातीर्थी पडले. तेही पेशाने शिक्षकच होते.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६३ च्या डिसेंबरात दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. त्यांतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी माध्यमिक शाळा आल्या. काही सरकारी, काही गावकऱ्यांनी संस्था काढून उभ्या केलेल्या. शिकवायला तेरेखोलपलीकडून अनेक शिक्षक आले आणि त्यांच्यासोबत दोन गोष्टी आल्या: मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके आणि खो-खोचे दोन खांब. १९७५ साली गोव्याचे स्वतंत्र शालान्त मंडळ झाले, पुस्तके बदलली. खांब तेथेच राहिले.

माझे शालेय शिक्षण सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून ऐंशीच्या दशकापर्यंतचे. आमच्या पी. टी.च्या मास्तरांचे नाव येथे लिहीत नाही. स्वतःचे नाव छापून आलेले त्यांना आवडले नसते. खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिटी, आणि हातात छडीऐवजी दोरीचे भेंडोळे. ती दोरी मैदान आखण्याची. आमचे मैदान डोंगराच्या उतारावर होते. एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे धावताना चढ लागे आणि उलट येताना उतार. बाहेरगावचे संघ कुरकुरत. मास्तर म्हणत, "चढ दोघांकय तोच." पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरे, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात लेझीम आणि सूर्यनमस्कार. ऑक्टोबरात ऊन पडले की आम्हीच कुदळी घेऊन मैदान सारखे करायचो. ते काम पी. टी.च्या तासालाच धरले जाई.

आमच्यासारख्या शाळांत कबड्डी आणि खो-खोच का रुजले, याचा एक साधा हिशेब आहे. फुटबॉलचे पूर्ण मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद. खो-खोचे २७ मीटर गुणिले १६ मीटर. म्हणजे एका फुटबॉल मैदानात खो-खोची सोळा मैदाने बसतील. कबड्डीला तर १३ मीटर गुणिले १० मीटर पुरतात. चारशे मीटरची धावपट्टी करायची तर सुमारे चार एकर सपाट जमीन हवी. डोंगरउतारावरच्या, चिरेखाणीच्या कडेच्या शाळेला एवढी जमीन कोण देणार? खो-खोला दोन खांब आणि एक शिटी लागते. खांब आम्ही पोफळीचे करीत असू. शिवाय खो-खोत आठ जण बसतात आणि नववा धावतो, पण त्या आठांतल्या प्रत्येकाची पाळी कोणत्याही क्षणी येते. वळायचे नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. आपल्याला जमले नाही तर दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवून 'खो' द्यायचा. वर्गात मागच्या बाकावर झोपणारा मुलगा येथे झोपू शकत नाही. गरीब शाळेला परवडणारा, आणि कोणालाही बाहेर न ठेवणारा असा हा खेळ आहे.

दुभाषी मुलखात त्याचा आणखी एक उपयोग मी रोज पाहतो. आमच्या मुलांची घरातली बोली पेडणेकरी, पुस्तक मराठीचे, फलकावरची पाटी इंग्रजीची. विमानतळाचे काम निघाल्यापासून त्यात भर पडली. बांधकामावर आलेल्या कुटुंबांतली मुले शाळेत येऊ लागली. कोणी विजापूरकडचे कन्नड बोलणारे, कोणी थेट उत्तरेतले. असा मुलगा वर्गात महिना महिना तोंड उघडत नाही. शिक्षकांना वाटते त्याला काही येत नाही. मैदानावर त्याला बसवले की पहिल्याच दिवशी तो एक मराठी शब्द अचूक, खणखणीत आणि नेमक्या वेळी उच्चारतो. तो शब्द 'खो'. त्यानंतर तो बाकीचे शब्दही मागायला लागतो. भाषेच्या प्रश्नावर आपल्याकडे चळवळी झाल्या, मोर्चे निघाले, त्यात मीही होतो. पण परक्या मुलाला आमची भाषा आपली वाटली ती बहुतेक वेळा मैदानात, हे मला प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

एवढे सगळे लिहिल्यावर वाचकांना वाटेल की, हे गृहस्थ पहिल्यापासून खेळाचे कैवारी असावेत. तसे नाही, आणि हे सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही.

१९९९ सालची गोष्ट. मी तेव्हा तालुक्यातल्या एका शाळेत सहशिक्षक होतो, दहावीला इतिहास शिकवीत होतो. दिवाळीची सुट्टी संपली आणि माझा अभ्यासक्रम मागे पडलेला. मी पी. टी.च्या सरांकडे दहावीचे तास मागितले. त्यांनी नेहमीप्रमाणे 'नाही' म्हटले नाही. मुलींचा खो-खोचा संघ त्या वर्षी चांगला होता. तालुक्यात जिंकून पुढच्या फेरीला जायचा होता. त्यातली सर्वांत चपळ मुलगी दहावीत होती. ती जमिनीवर हात टेकून अशी काही झेप घेई की, खांबाजवळचा गडी नुसता बघत राही. मी तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना सरावाला सोडले नाही. "परीक्षा वर्षातून एकदाच येते," असे मी म्हटल्याचे मला स्पष्ट आठवते. संघ त्या तिघींशिवाय गेला आणि हरून आला. कोणी तक्रार केली नाही. तिच्या आईवडिलांनी तर माझे आभार मानले. मुलगी पास झाली. इतिहासात तिला किती गुण पडले ते मला आज आठवत नाही; तिची ती झेप मात्र आठवते.

वीस वर्षांनी ती आपल्या मुलीला घेऊन आठवीच्या प्रवेशासाठी आली. मी तेव्हा मुख्याध्यापक झालो होतो. अर्ज भरला, सही झाली, फी भरली. उठताना तिने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि हसतच म्हणाली, "सर, हिका तरी खेळूंक सोडा." रागाने नव्हे, रागाने म्हणाली असती तर मी काहीतरी उत्तर दिले असते. त्या दिवशी घरी जाऊन मी जुन्या वेळापत्रकांच्या फायली काढल्या. जेथे जेथे पी. टी. लिहिले होते तेथे पेन्सिलीने काय काय झाले होते ते पाहिले. गणित. इंग्रजी. 'पोर्शन'. इतिहास. एकच काळ असा की जेव्हा पी. टी.चा तास कोणी मागितला नव्हता: १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आधीचा पंधरवडा. संचलनाला पाहुणे येणार असतात ना!

आज परिस्थिती काय आहे? कागदावर ती पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान आणि खेळाचे साहित्य असले पाहिजे असे सांगितले. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ शिक्षकही सांगितला. मात्र शाळेत शंभराहून अधिक मुले असतील तर. खेडेगावातल्या ज्या शाळांचा पट शंभराच्या खाली घसरतो आहे, त्यांनी काय करायचे? सीमाभागातल्या मराठी शाळांना तर हा प्रश्न आधी भिडतो, कारण पट आमचाच आधी घसरतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने खेळ आणि अभ्यास यांच्यातली भिंत काढायला सांगितली. शालान्त परीक्षेत खेळाडूंना जादा गुण मिळतात, म्हणून पालकही विचारू लागले आहेत. तेवढ्यापुरते का होईना, विचारतात हे बरे.

मैदानांच्या बाबतीत गोवा मागे नाही. २०१४ साली पोर्तुगीज भाषा बोलणाऱ्या देशांच्या लुसोफोनिया स्पर्धा गोव्यात झाल्या. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ३७ वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्याने प्रथमच भरवली. त्रेचाळीस क्रीडाप्रकार झाले. त्यात महाराष्ट्र २२८ पदकांसह पहिला आला आणि यजमान गोव्याने ९२ पदके मिळवली. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा येथे उत्तम क्रीडागारे उभी राहिली. पण आमच्या गावचा सातवीतला मुलगा रोज म्हापशाच्या क्रीडागारात जाणार नाही. त्याला शाळेच्या मागच्या उतारावरचे सत्तावीस मीटर हवे आहेत, आणि आठवड्यातले चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन तास.

तेवढ्यातून काय निघू शकते हे गेल्या काही वर्षांनी दाखवले आहे. बेळगाव तालुक्यातल्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीप्रकारात कांस्यपदक मिळवले. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर आधी खो-खो खेळत असे; २०१६ साली ती रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक जिंकले, तेव्हा खाशाबांना बहात्तर वर्षे झाली होती. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर यांच्या संघांनी अंतिम सामन्यांत नेपाळला हरवून दोन्ही चषक जिंकले. तो सामना आम्ही शाळेतल्या मुलांना दाखवला. पोफळीच्या खांबांऐवजी चकचकीत खांब, मातीऐवजी मॅट. एका मुलीने विचारले, "सर, हांगा चढ ना?" सगळे हसले. मला आमच्या मास्तरांची आठवण आली.

सड्याचे काय झाले, हेही सांगायला हवे. विमानतळाने रोजगार दिला, रस्ते दिले. आमच्या गावची मुले आज तेथे कामाला आहेत आणि त्यांच्या घरी दिवाळीला नवे कपडे येतात. विरोध करणाऱ्यांचीही बाजू खरी होती. काजूची बागायत गेली, गुरांची चराई गेली. त्या हिशेबाचा निवाडा करण्याची ही जागा नाही. जमाखर्चात न धरलेली एक गोष्ट मात्र मला नोंदवायची आहे. ज्या जागेत रेघ ओढून पोरे बिनशिटीची, बिनमास्तरची पी. टी. करत होती, ती मोकळी जागा आता कुंपणाच्या आत आहे. पूर्वी शाळेने मैदान दिले नाही तरी गाव देत असे. आता गावाकडे द्यायला उरलेले नाही. त्यामुळे वेळापत्रकातले ते दोन रकाने पूर्वीपेक्षा महाग झाले आहेत.

यंदाचे वेळापत्रक करताना मी पी. टी.च्या सरांना सर्वांत आधी बोलावले. ते दाराशीच थांबले. मी त्यांना खुर्ची दिली. दहावीचे दोन्ही तास त्यांनी मागितले त्या वारी, मागितल्या वेळी दिले, आणि पेन्सिलीऐवजी शाईने लिहिले. गणिताचे सर चार दिवस माझ्याशी मोजकेच बोलले. पालकसभेत एका गृहस्थांनी विचारले, निकाल खाली आला तर जबाबदार कोण? मी म्हटले, मी. निकाल अजून लागायचा आहे.

ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर मुलांनी कुदळी घेऊन मैदान सारखे केले. फक्की मारताना दोरीचे एक टोक मी धरले होते.